त्रिभुवनकाका आणि त्यांचे पॉटलविक

"तुमच्या ऑफिसात कुणी पॉटलविक आहे का?"

त्रिभुवनकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पुण्याहून इंग्लंडात हॅरोला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. हातात दुधाचा कॅन घेऊन मी घराकडे येत होते आणि शेजारच्या फाटकात एक पाच फुटी गृहस्थ थ्री-पीस सूट घालून गुलाबांना पाणी घालत होते. मराठी दिसले म्हणून मी नमस्कार केला, नाव सांगितलं, नोकरी सांगितली. परदेशात मराठी माणूस भेटला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मूळ गाव कुठलं? काकांनी झारी खाली ठेवून पॉटलविकांची चौकशी केली. मी नाही म्हटल्यावर "हरकत नाही, अनघाबाई, बघत राहा," असा धीर मलाच दिला.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाला, चौकातल्या पोलिसाला, बसच्या ड्रायव्हरला. एकदा तर डेंटिस्टला विचारला, आणि तोही तोंडात तीन नळ्या असताना. बिचाऱ्यानं दुखतंय समजून आणखी एक इंजेक्शन दिलं.

हे पॉटलविक म्हणजे रेव्हरंड सेप्टिमस पॉटलविक. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातून निघालेले हे पाद्री इंग्रजी अमदानीत नगर जिल्ह्यातल्या काकांच्या गावी येऊन पोचले आणि तिथेच राहिले. काकांचे आजोबा त्यांचे स्वयंपाकी. साहेबांना जाऊन शंभर वर्षं होत आली होती, पण काका त्यांच्याबद्दल असे बोलत की साहेब आत्ताच पोस्टात पत्र टाकायला गेलेत आणि येतीलच इतक्यात.

साहेब मराठी शिकले ते चुलीपाशी बसून, आजोबांकडून. त्यामुळे त्यांची प्रवचनं स्वयंपाकघरातून थेट देवळात जात. "देवाची कृपा उतू जाते, म्हणून मनाचं पातेलं मोठं ठेवा." "राग मंद आचेवर ठेवावा, करपू देऊ नये." स्वर्गाचं वर्णन करताना त्यांनी म्हणे इतक्या वेळा फोडणी घातली की लोक उपदेश संपायच्या आत जेवायला उठून गेले. काकांच्या बोलण्यातही हे सगळं मुरलं होतं. मी ऑफिसमधल्या मॅनेजरबद्दल कुरकुर केली की काका म्हणत, "झाकण काढा, अनघाबाई, झाकण काढा. उतू जाईल."

साहेबांना मुलं सात. त्या सातही जणांचे वाढदिवस काकांना तोंडपाठ होते आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला घरात शिरा व्हायचा. स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसाची आठवण मात्र काकूंना करून द्यावी लागे. मार्थाकाकू हे सगळं शांतपणे सहन करत, पण तोंड बंद ठेवून नव्हे. "चाळीस वर्षं हा पाद्री माझ्या घरात राहतोय," त्या मला कणीक मळता मळता म्हणाल्या. "सवत असती तर परवडली असती गं. तिनं निदान कांदा तरी चिरला असता."

नोकरीत असताना काका ट्रेनमध्ये तिकीट तपासत. ती नोकरी त्यांनी धरली तीच मुळी पासावर माणसाचं नाव असतं म्हणून. रोज शेकड्यांनी नावं डोळ्यांखालून जाणार, त्यात एक दिवस पॉटलविक निघेलच, असा हिशेब. एकदा एका साहेबाला भर डब्यात त्यांनी विचारलं, "तिकीट राहू द्या. आडनाव काय?" तो माणूस पुढच्याच स्टेशनावर उतरून पळाला. काका आजही म्हणतात, तोच पॉटलविक असणार.

ग्लासगोला एकदा खरंच एक पॉटलविक सापडला. कुणीतरी सांगितलं, म्हणून काका करंज्यांचा डबा घेऊन निघाले. आठ तास प्रवास करून पोचले तर ते एक पडद्यांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर एक सरदारजी बसले होते. "बोर्ड चांगला होता, जी, तसाच ठेवला," सरदारजी म्हणाले. दोघांनी मिळून करंज्या संपवल्या, काका छोले खाऊन परत आले आणि येताना बैठकीच्या खोलीसाठी पडदेही घेऊन आले. ते अजून आहेत, हिरवे, त्यांवर बदकं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला छंद असतो, असू द्या. पण हा छंद नव्हता. साहेब गेले तेव्हा आजोबांनी त्यांच्या कबरीपाशी शब्द दिला होता, "तुमच्या घरचं कुणी येईपर्यंत मी बघतो." घरचं कुणी आलं नाही. आजोबांनंतर काकांच्या वडिलांनी बघितलं. दर नाताळाआधी कबरीला चुना लागायचा आणि नाताळच्या सकाळी घरातली पहिली करंजी साहेबांपुढे ठेवली जायची, मग पोरांना. काका तरुणपणी इकडे यायला निघाले तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं, "त्यांच्या मुलखात चालला आहेस. त्यांच्या माणसांना गाठ आणि सांग, काळजी करू नका, आम्ही बघतोय."

वडील गेले, काका रिटायर झाले, आणि हा एवढासा निरोप अजून काकांच्या खिशातच होता. त्यासाठी सगळी धडपड.

मी एकदा सहज विचारलं, "काका, तुम्ही शेवटचे गावी कधी गेलात?"

"पुढच्या वर्षी जायचंय," काका म्हणाले आणि गुलाब छाटायला बाहेर गेले. जानेवारी होता. छाटायला गुलाब नव्हतेच.

एका शनिवारी त्यांनी मला त्यांचं गुप्त भांडार दाखवलं. वॉलपेपरची अख्खी गुंडाळी, तिच्या पाठीवर शाईनं काढलेली पॉटलविकांची वंशावळ. जिन्यावरून सोडली तेव्हा ती खालच्या पायपुसण्यापर्यंत आली. चर्चच्या जुन्या वह्या पालथ्या घालून, पत्रं पाठवून काकांनी चाळीस वर्षांत ती रचली होती. मी एकेक पायरी उतरत वाचत गेले. वर साहेब. खाली विल्यम, आर्थर, त्यांच्या रेघा. पण सात मुलांतली पाच नावं कुठे होती? तिथे नुसतं लिहिलं होतं, "कन्या. कन्या. कन्या. कन्या. कन्या." आणि पुढे पूर्णविराम. विल्यमला मूल नव्हतं. आर्थरखाली, "एक कन्या." पूर्णविराम.

"काका, ह्या मुलींचं पुढे काय झालं?"

"लग्नं झाली."

"मग त्यांची मुलं?"

"ती त्या त्या घरची," काका म्हणाले. "वंशावळीत मुली कुठे धरतात? आमच्या घरातली वंशावळही अशीच आहे."

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं हा माणूस फोनबुकात पॉटलविक शोधत होता आणि साहेबांच्या मुलींचे वंशज कदाचित रोज त्याच्याच ट्रेनमधून स्मिथ आणि ब्राउन होऊन जात होते! झाकण काढायची पाळी माझी होती. मी बोलले, बरंच बोलले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मलासुद्धा एक आडनाव होतं म्हटलं. कुणाला पाहिजे असेल तर सांगते."

काका पायरीवर बसले. पेन काढून त्यांनी प्रत्येक कन्येपुढचा पूर्णविराम एकेक करून खोडला.

पुढचं काम मी कॉम्प्युटरवर केलं. तीन आठवडे लागले, पण साउथहॅम्प्टनच्या एका चर्चच्या पत्रकात एक ओळ सापडली. वेदीवरची फुलं, मिसेस मार्जरी हॉब्डे, माहेरच्या पॉटलविक. वय पंच्याऐंशी. आर्थरची ती एक कन्या. साहेबांची सख्खी नात!

आम्ही तिघं माझ्या जुन्या गाडीतून निघालो. काका नव्या टायमध्ये, मांडीवर करंज्या, खांद्यावर गुंडाळी. दोन तास ते भाषणाची तालीम करत होते. मागून काकू म्हणाल्या, "निरोप चार शब्दांचा आहे. एवढं काय घोकताय?"

मिसेस हॉब्डेंनी दार उघडलं ते, "गटारासाठी आलात का?" असं विचारत. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. कौन्सिलची माणसं नव्हेत हे त्यांना पटवायला पाच मिनिटं गेली, पण करंजी खाल्ल्यावर त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. काकांनी गुंडाळी सोडली. ती सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून झोपलेल्या मांजरावर गेली आणि मांजर विल्यमच्या खालून बाहेर आलं. काका उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि चाळीस वर्षांचा निरोप एका दमात सांगितला. "मॅडम, तुमच्या आजोबांची काळजी करू नका. आम्ही बघतोय."

मिसेस हॉब्डेंनी दुसरी करंजी खाली ठेवली.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो माणूस."

मग त्यांनी सांगितलं. साहेब लोकांची मुलं जरा मोठी झाली की शाळेसाठी विलायतेत धाडायची तेव्हाची पद्धत. आई सातही मुलांना घेऊन बोटीवर चढली. आर्थर सहा वर्षांचा. वडील मुंबईच्या धक्क्यावर उभे राहून म्हणाले, पुढच्या वर्षी येतो. ते कधीच आले नाहीत.

"बाकीच्या सहा भावंडांनी पोचल्याचं पत्र लिहिलं. माझ्या बाबांनी लिहिलं नाही. रागानं. शेवटपर्यंत एक ओळ लिहिली नाही," त्या म्हणाल्या. "आणि मोठे झाल्यावर नोकरी धरली ती इथे गोदीत. प्रत्येक बोट लागली की उतरणारी माणसं बघत उभे राहायचे. तुमच्या देवमाणसाला एकदा तिकीट काढायला काय झालं होतं?"

साहेबांच्या बाजूनं बोलायला काकांकडे शंभर गोष्टी होत्या. त्यातली एकही त्यांनी सांगितली नाही.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "तिकीट काढायचं असतंच. माणूस दर वर्षी काढायचं म्हणतो. एक वर्ष राहतं. मग दुसरं राहतं. मग लाज वाटायला लागते. जितकी वर्षं जातात तितकी जास्त वाटते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझी आई तुमच्या आजोबांच्या शेजारीच आहे. दहा पावलांवर. तिच्या मातीला मी गेलो नाही. त्याला तेवीस वर्षं झाली. साहेबांची माणसं सापडली की त्या निमित्तानं जाईन म्हटलं होतं. रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ? आणि आम्ही बघतोय म्हणालो ते खोटं आहे, मॅडम. भाऊ वारल्यापासून तिथे कोण बघतं, मला माहीत नाही."

काकू इतका वेळ पडद्यांवरच्या बदकांसारख्या शांत बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला रडू आवरत नव्हतं, हे सरळ सांगून टाकते. मांजर तेवढं आर्थरच्या रेघेवर पुन्हा झोपलं होतं.

मिसेस हॉब्डे उठल्या. काकांपेक्षा त्या वीतभर उंच होत्या. त्यांनी काकांच्या कोटाची कॉलर नीट केली, शाळेत निघालेल्या मुलाची करावी तशी.

"मग आता जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाती निरोप देते, म्हणजे रिकामे जाणार नाही. त्यांना सांगा, आर्थर नीट पोचला."

तिकीट मीच काढून दिलं. काकू बरोबर गेल्या. नाताळाआधी दोन आठवडे, एका सकाळी मी स्टेशनावर ट्रेनची वाट बघत असताना फोन वाजला. मागे कोंबडे आरवत होते आणि काका नेहमीप्रमाणे फोनवर विश्वास नसल्यासारखे ओरडून बोलत होते.

"सांगितला निरोप! मोठ्यानं सांगितला, गावातली माणसं जमली."

"आणि कबर कशी आहे, काका?"

"दिसतच नव्हती. गुडघाभर गवत, वर बाभळीचं रोप. आठ दिवस लागले दोन्ही साफ करायला." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आईची आधी केली, अनघाबाई. साहेबांना म्हटलं, जरा थांबा."