आबांचा ऐवज

आमच्या आबांसमोर कुणी फ्रीजमधलं गार दूध पिऊन दाखवावं. आबा काही बोलत नाहीत, नुसते बघतात, आणि पिणाऱ्याला पेला खाली ठेवावा लागतो. त्यांच्या लेखी दूध म्हणजे कासेतून पेल्यात आणि पेल्यातून पोटात. मधे कुठं थांबलं की मेलं.

आबा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात गवळी गल्लीत आमचं घर, दारात चार म्हशी. रोज संध्याकाळी त्यातली एक दूधकट्ट्यावर नेऊन आबा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. कुणी साखर मागितली, कुणी फेस जास्त झाला म्हणालं, की ठरलेलं वाक्य येतं, "पावणं, म्या म्हशीच्या दुधावर वाढल्याला माणूस हाय. मला शिकवू नगासा."

लग्न होऊन पेठ वडगावहून आले तेव्हापासून हे वाक्य मी ऐकते आहे. वीजबिल वाढून आलं तरी तेच, दात काढताना डॉक्टरनं इंजेक्शन पुढं केलं तरी तेच. सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर माझं डोकं उठायला लागलं.

आणि हाच माणूस एके दिवशी जीपमधून फ्रीज घेऊन आला. तोही बॅटरीवर चालणारा, पोरं डोंगरात तंबू ठोकायला जाताना नेतात तसला.

कारण मी. शाहूवाडीकडच्या एका वाडीवर मी शाळेत शिकवते. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा माझी शिवू अंगावरच पीत होती. पावडरचं दूध तोंडात घातलं की ते माझ्याच साडीवर यायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आईचं दूध काढून गार ठेवा, तुम्ही नसताना वाटीचमच्यानं पाजा, आणि वर्षाची होईपर्यंत म्हशीचं दूध नाही म्हणजे नाही. आता हे चार म्हशींच्या मालकाला कोण सांगणार? माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, देवघरात गेल्या. शेवटी मीच सांगून टाकलं आणि तोफ उडायची वाट बघत उभी राहिले.

आबा एवढंच म्हणाले, "मग आईचंच पाजायचं." आणि वैरण टाकायला निघून गेले.

गणित साधं होतं. शाळेत दिवसभरात काढलेलं दूध संध्याकाळी घरी आणायचं, ते दुसऱ्या दिवशी मी नसताना आत्तींनी शिवूला पाजायचं. वाडीवर वीज असली तर असते. बर्फाचा डबा नेऊन पाहिला, दुपारी त्याचं कोमट पाणी. म्हणून फ्रीज. आणि फ्रीज जीपमध्ये, म्हणून रोज मला सोडायला स्वतः आबा. सकाळची धार उरकून मला घेऊन निघायचे, दिवसभर शाळेबाहेर जांभळीखाली जीप लावून बसायचे आणि संध्याकाळच्या धारेला परत.

मी तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत दार लोटून बसले की आबा शाळेकडं पाठ करून रस्त्यात उभे राहायचे. कोण आलं तर हात आडवा. एकदा आमच्या हेडमास्तरांनाच आबांनी त्यांच्याच शाळेत येऊ दिलं नाही. या दुधाला दूध म्हणणं मात्र सुनेसमोर त्यांना जमेना. मी डबी फ्रीजमध्ये ठेवली की दुसरीकडं बघत विचारायचे, "ऐवज ठेवला का, बाई?" हेडमास्तरांनी फ्रीजकडं संशयानं बघत आत काय आहे विचारलं, तर यांचं उत्तर, "सुनंचा ऐवज हाय." दोन दिवसांत वाडीभर झालं की मास्तरीणबाई दागिने गार करून ठेवतात.

पण फ्रीज चालेना. म्हणजे जीपचं इंजिन चालू असेपर्यंत झक्कास, शाळेत पोचून बंद केलं की तासाभरात हाही गप. मग आबा जीप सुरू करायचे, धूर वर्गात यायचा, माझी पोरं खोकत खिडकीला लोंबकळायची. फ्रीजवर एक बटण होतं, त्याच्या हाय, मीडियम, लो अशा तीन पायऱ्या. आबांनी ते पहिल्या दिवशीच हायवर नेऊन ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, आबा, हे नक्की कशाचं बटण? ते म्हणाले, "हाय म्हंजे हाय. लो म्हंजे न्हाय. ह्यात काय इचारायचं?" फ्रीज बंद पडला की वर लाल अक्षरात एफ आणि एक असं उमटायचं. त्याचाही अर्थ त्यांनी लावला होता. एफ म्हणजे फस्क्लास, आणि एक म्हणजे एक नंबर. बरोबर आलेला कागद वाचते म्हटलं तर म्हणाले, कागद वाचून म्हैस दूध देते का?

त्याच दिवसांतली गोष्ट. परत येताना एका अरुंद पुलावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. आम्ही आधी शिरलो होतो, मागं त्यानं घ्यायचं. आबा भांडणाला बाह्या सरसावून तयार, मीही पदर खोचला, कारण चूक त्याची होती. तेवढ्यात तो ट्रॅक्टरवाला ओरडला, "आईचं दूध प्याला असशील तर ये खाली."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्यानं जीप पार पुलाच्या टोकापर्यंत मागं घेतली. कट्ट्यावर पैलवानांना दम देणारा माझा सासरा एका ट्रॅक्टरवाल्यापुढं असा नमला, हे मला भयंकर लागलं. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात एका कडक उन्हाच्या दिवशी फ्रीज सकाळीच बंद पडला आणि आबांचा जीपमध्ये डोळा लागला होता. सुट्टीत डबी उघडली तर आंबट वास. सकाळपासूनचं सगळं गेलं. उद्या पोरीला काय पाजायचं? मी ते जांभळीच्या बुंध्यात ओतलं आणि तिथंच बसून रडले. खरं सांगते, दागिना हरवला असता तर एवढं रडले नसते. आबा शेजारी उभे. संताप अनावर झाला आणि मी म्हणाले, "जाऊ दे आबा. उद्यापासून म्हशीचंच पाजू. तुम्ही वाढलात की त्याच्यावर."

आबांनी टोपी काढून हातात फिरवली.

"वाढलो की," ते म्हणाले. "बाळुत्यात हुतो तवाच आई गेली माझी. चुलतीनं म्हशीखाली धरून वाढीवलं. दुसरं कोन देनार हुतं? मोठेपनी तेचाच डंका पिटला, म्हंजे आईचं कोन इचारत न्हाय." मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "शिवूची आई जित्ती हाय की गं, बाई."

मला पूल आठवला. त्या पुलावर ते का गप्प झाले, ते तेव्हा कळलं.

मी डोळे पुसले, जीपच्या खणातून तो कागद काढला आणि जांभळीखालीच वाचायला बसले. त्या बटणाचा गारव्याशी काही संबंधच नव्हता. ते गाडीची बॅटरी सांभाळणारं बटण. हायवर ठेवलं की बॅटरी जराशी उतरली तरी फ्रीज स्वतःहून बंद, म्हणजे गाडी सुरू व्हायला अडचण नको. लोवर ठेवला तर तो जास्त वेळ टिकणार. आणि एफ एक म्हणजे फस्क्लास नव्हे, बॅटरी पुरत नाही ही तक्रार. बिचारा फ्रीज इतके दिवस लाल अक्षरात बोंबलत होता आणि आम्ही खूश.

आबांना हे पटवणं बॅटरी बदलण्यापेक्षा अवघड होतं. फ्रीजला वेगळी बॅटरी आणि जाड वायर घ्यायला ते लगेच कबूल झाले, बारीक वायरीत वीज वाटेतच दमते हे त्यांना पटलं. पण लो? आमच्या घरची वस्तू आणि लोवर? दोन दिवस ते फ्रीजभोवती येरझाऱ्या घालत होते. शेवटी बटण लोवर नेलं आणि त्या अक्षरावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. कुणी बघायला नको.

तेव्हापासून फ्रीज एकदाही बंद पडला नाही. दुपारी शाळेबाहेरून आबांचा फोनवरचा आवाज वर्गात ऐकू येतो, "संपलं का?" फोनच्या स्पीकरवर आत्ती संपलं म्हणाल्या की वर्गातली पोरं माझ्या आधी टाळ्या वाजवतात. मी त्यांना दटावते, पण जोरात नाही.

परवा पुन्हा तोच पूल, या वेळी ट्रक. पुन्हा तीच हमरीतुमरी आणि वर बसलेल्या ड्रायव्हरनं पुन्हा तेच विचारलं, आईचं दूध प्यालायस का. आबांनी जीप बंद केली, खाली उतरले आणि ट्रकच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"न्हाय प्यालो, पावणं. आई ऱ्हायली न्हवती माझी. पर मागं त्या डब्यात माझ्या नातीसाठनं तिच्या आईचं दूध हाय. येळ झाला तर नासंल. जरा वाट द्या."

माझ्या दुधाला ते माझ्यासमोर पहिल्यांदाच दूध म्हणाले.

ड्रायव्हरनं अख्खा ट्रक मागं घेतला. आम्ही त्याच्या बाजूनं जाताना तो खिडकीतून वाकला आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, केवढी आहे नात?

मी मागच्या सीटवर फ्रीजवर हात ठेवून बसले होते. आबांनी जीप थांबवली, मान ताठ केली, आणि कट्ट्यावरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "धा म्हैन्याची. आईच्या दुधावर वाढल्याली पोरगी हाय, पावणं."