ठकूला साप चावतो

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सापशिडीचं वेड लागलं होतं. ठकू चिचुंद्रीला तर अंमळ जास्तच. पण ठकूला दिसत नव्हतं. गुळगुळीत पटावर साप कुठला नि शिडी कुठली, तिला कळावं कसं?

तिनं अर्ज केला. लगेच समिती नेमली गेली. विषय नजरेचा, म्हणून अध्यक्ष घार. तिच्याइतकी तीक्ष्ण नजर जंगलात कुणाची होती?

"पटावर साप कोरा, फाशाला भोकं पाडा. मी चाचपून खेळेन," ठकू म्हणाली.

"छे, पट खराब होईल!" घार म्हणाली. "त्यापेक्षा तू लिंबूटिंबू. तुला साप चावणार नाही. बक्षीस आत्ताच घेऊन जा."

लिंबूटिंबू ठाऊक आहे ना? खेळात घेतात, पण मोजत नाहीत, तो.

ठकूचं डोकंच फिरलं. "बक्षीस घाला चुलीत! मला साप चावायला हवा. सगळ्यांना चावतो तसा!"

समिती विचार करण्यासाठी फराळाला गेली. तेवढ्यात ठकूनं दातांनी सगळे साप कोरले, शिड्या कोरल्या, फाशाच्या ठिपक्यांना भोकं पाडली.

दुपारी डाव रंगला. सिंहमहाराज सत्त्याण्णववर पोहोचले.

"शिडी, महाराज, शिडी!" सगळे नेहमीसारखे ओरडले.

ठकूनं हात फिरवला. "अहो महाराज, हा तर साप. खाली या!"

महाराजांनी पंजानं चाचपलं. सापच होता. खरं सांगू? महाराजांनाही दहा वर्षं दिसत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

ठकूला वाटलं, आता पटही जाणार आणि आपणही.

महाराजांनी घारीला विचारलं, "त्या लिंबूटिंबूला साप चावत नाही म्हणे?"

"नाही, महाराज."

"बक्षीस?"

"आधीच मिळतं."

"मग लिंबूटिंबू आम्ही."

घार चाचरली. "पण मंजुरी एकाच लिंबूटिंबूची आहे, महाराज."

"मग हिला काढा!"

झालं. ठकूची हकालपट्टी होऊन ती साधी खेळाडू झाली. तिसऱ्याच फेरीत बासष्टवरच्या सापानं तिला थेट पाचवर आणलं.

"चावला गं बाई! मला चावला!" ठकू नाचत सुटली.

तात्पर्य : दुबळ्याला सवलत दिली तर तो हरायचा हक्क मागत बसतो. म्हणून मुलांनो, सवलत नेहमी बलवानालाच द्यावी. तो ती विनातक्रार घेतो.