फोडणीचा पुकारा

सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाच्या वेळी आमचा शेजारी लिंबाजी डोक्यावर पिंजरा घेऊन घराबाहेर पडतो, रस्त्याच्या मध्यभागी उभा राहतो आणि छाती भरून पुकारा करतो, "फोडणी हाजिर हो!" मग तो पिंजरा माझ्या व्हरांड्यातील खुंटीला अडकवला जातो आणि त्यानंतरच त्याच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडते. चौसाळ्यात नवा आलेला माणूस हे पाहून थबकतो. जुनी माणसे त्यावर घड्याळ लावतात.

लिंबाजी बीडच्या न्यायालयात पट्टेवाला होता. पक्षकारांचा पुकारा करणे हे त्याचे काम. बाहेर टपरीवर चहा पीत बसलेला पक्षकारही त्याचा आवाज ऐकून अर्धा कप टाकून पळत येई. मी त्याच न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर आम्ही चौसाळ्यात शेजारी शेजारी घरे बांधली. हा योगायोग होता. मी तो मागितला नव्हता.

पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड आहेत. हिरवा तो वादी, निळा तो प्रतिवादी. तिसरा पिवळा होता, त्याचे नाव साक्षीदार. तो लिंबाजीच्या बायकोच्या, गयाबाईंच्या, तळहातावर बसून राळे खाई आणि इतर कोणाकडे जात नसे. मागच्या हिवाळ्यात तो मेला. थंडी बाधली, असे लिंबाजीने सर्वांना सांगितले. त्यानंतर तो बीडला जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला आणि त्या घरात कायद्याचे राज्य सुरू झाले.

"साहेब, पाखराचं फुप्फुस म्हंजी चिमटीएवडं," त्याने मला समजावले. "धूर, करपल्याली भाजी, तापलेला तवा, कायबी बाधतं त्याला. मानसाला ठसका लागायच्या आत पाखरू खाली."

"मग स्वयंपाकघराचे दार लावून घे."

"दारानं भागत न्हाई. वास दाराला जुमानत न्हाई."

डासांची उदबत्ती बंद झाली. देवापुढचा धूप बंद झाला. एकदा त्याचे व्याही अत्तर लावून आले, तर त्याने त्यांना अंगणातच थांबवून साबणाने मान धुवायला लावली. व्याही मानी गृहस्थ होते. तरी त्यांनी मान धुतली, कारण लिंबाजी टॉवेल घेऊन दारात उभा होता आणि तो बाजूला होईल असे त्याच्या चेहऱ्यावर कोठेही लिहिलेले नव्हते.

उन्हाळ्यात गल्लीतील बाया येसर भाजतात. एरवी हा मसाला प्रत्येक घरी आपापल्या सवडीने होई. लिंबाजीने घरोघर फिरून सगळ्यांना एकच दिवस ठरवायला लावला आणि त्या दिवशी पिंजरा घेऊन तो एस.टी.ने मांजरसुंब्याला बहिणीकडे गेला. कंडक्टरने पिंजऱ्याबद्दल विचारले.

"वादी-प्रतिवादी हायत," लिंबाजी म्हणाला. "तारखेला चाललेत."

"मग वकील कुटंय?"

"आमी हाव की."

कंडक्टरने तिकीट फाडले.

हे सर्व मी समजू शकत होतो. छंद माणसाला लागतो. परंतु पिंजरा माझ्याकडे सुरक्षित पोहोचल्यावरही लिंबाजी निर्धास्त होत नसे, हे मला अनाकलनीय होते. तो घाईने परत जाई आणि फोडणी होईपर्यंत गयाबाईंच्या शेजारी उभा राही. स्वयंपाक झाला की शेगडीची बटणे स्वतः तपासी, सिलिंडर स्वतः बंद करी, आणि मग नाक वर करून कोपऱ्याकोपऱ्यातून हुंगत फिरे. सगळे ठीक आहे अशी खात्री पटली की खिडकीतून घोषणा होई, "हवा साफ! पाखरं हाजिर हो!"

"भाऊजी, तुमीच सांगा," गयाबाई माझ्याकडे तक्रार करीत. "चाळीस वर्सं हा मानूस सैपाकघरात पानी प्यायलाबी आला न्हाई. आन आता जज्ज बसल्यावानी चुलीपशी उभा ऱ्हातो. सवत परवडली, ही पाखरं न्हाईत परवडत."

गयाबाईंच्या हाताची येसराची आमटी पूर्वी गल्लीत नावाजलेली होती. अलीकडे मात्र त्यांचे कशानेच समाधान होत नसे. कोथिंबिरीला वास नाही. लसणाला वास नाही. "समदं खतावरचं. आमच्या लहानपनी मेथीची जुडी सोडली तर वेशीपतुर कळायचं." असे आमच्या वयाची सगळीच माणसे म्हणतात. मीही म्हणतो. त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिले नाही.

एका सकाळी त्यांनी मला चहाला बोलावले. दूध पातेल्याला लागलेले होते आणि चहाला करपट वास येत होता. मी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. लिंबाजीने माझ्याकडे पाहिले, आपला कप संपवला, मग माझा उचलला आणि तोही संपवला.

"फक्कड झालाय," तो म्हणाला.

गयाबाई समाधानाने आत गेल्या. लिंबाजीला चहाची पारख नाही, असा निष्कर्ष मी काढला.

गेल्या आठवड्यात प्रतिवादी पिसे फुगवून कोपऱ्यात बसू लागला. लिंबाजी त्याच्यासाठी औषध आणायला सकाळच्या गाडीने बीडला गेला. जाताना पिंजरा माझ्याकडे दिला आणि तो येईपर्यंत शेगडी पेटवायची नाही, असे गयाबाईंना दहा वेळा बजावले. त्यांनी ते पाळले. शेगडी पेटवली नाही. न्हाणीघराच्या चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन त्या माझ्या पायऱ्यांशी आल्या. दुसऱ्या हाताच्या मुठीत लाल मिरच्या, मोहरी आणि मीठ होते.

"दृष्ट लागलीय पाखराला," त्या म्हणाल्या. "येनारा जानारा बगतोय. काढून टाकते."

"लिंबाजीला हे चालणार नाही."

"त्यानला कुटं काय चालतंय? एक पाखरू गेलं माजं. दुसरं न्हाई जाऊ द्यायची."

त्यांनी मूठ पिंजऱ्यावरून तीनदा उतरवली. त्या घमेल्याकडे वळताच मी पिंजरा खुंटीवरून काढला, घरातून परसात नेऊन कडुलिंबाखाली ठेवला, आणि मागचे दार घट्ट लावून परत आलो. त्या पिंजऱ्याला मी प्रथमच हात लावत होतो.

तोवर मिरच्या निखाऱ्यावर पडल्या होत्या. रस्त्याने जाणारा दूधवाला खोकत सायकलवरून उतरला. मला ठसका लागला. गयाबाईही खोकल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पदराने ते पुसत त्या घमेल्यावर वाकल्या आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

दृष्ट असेल तर जळत्या मिरचीचा वास येत नाही, असे आपल्याकडे मानतात.

"वास काईच न्हाई," त्या म्हणाल्या. "बगा भाऊजी, केवडी लागल्ती."

सबंध गल्ली त्या वासाने भरली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या खोटे बोलत नव्हत्या. न्यायालयात इतकी वर्षे बसल्यावर एवढे ओळखता येते. आणि मग खतावरची कोथिंबीर, करपलेले दूध, नाक वर करून फिरणारा लिंबाजी हे सारे माझ्यासमोर ओळीने येऊन उभे राहिले.

त्याच वेळी लिंबाजी कोपऱ्यावरून पळत आला. औषधाची पिशवी छातीशी धरलेली. धूर पाहून तो जागीच थांबला. त्याने खुंटीकडे पाहिले. मी परसाकडे बोट दाखवले. मग तो श्वास घेऊ लागला आणि लगेच खोकू लागला.

"आवं, वास येतुय का तुमाला?" गयाबाईंनी त्याला विचारले.

त्याचे डोळे लाल झाले होते. नाकातून पाणी येत होते.

"न्हाई," लिंबाजी म्हणाला. "जरासुदिक न्हाई. लई दृष्ट हुती."

"भाऊजी, तुमाला?"

लिंबाजीने माझ्याकडे पाहिले. खोट्या साक्षीबद्दल माझे मत त्याला चांगले ठाऊक आहे.

"नाही," मी म्हणालो.

गयाबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि घमेले उचलून त्या घरी गेल्या.

आम्ही परसात आलो. वादी लिंबाच्या सावलीत टुणटुण उड्या मारत होता. लिंबाजी पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने प्रतिवादीच्या चोचीत औषधाचा थेंब सोडला.

"तिला वास येत नाही, ते कधीपासून?" मी विचारले.

"मागल्या साली तिला ताप आल्ता बगा, तवापासून." त्याने पाखराची चोच बोटाने पुसली. "पोरानं पुन्यावरून नॉनस्टिक तवा पाठवल्ता. तिनं मोकळाच गॅसवर ठिवला आन इसरली. मी बाहीर गेलतो. आलो तर घर वासानं भरल्यालं, तवा काळाठिक्कर, साक्षीदार पिंजऱ्यात आडवा. आन ही तितंच, धा हातावर, शेंगा फोडत बसल्याली. मी आधी गॅस बंद केला. मला म्हनली, आज लवकर आलात."

"तिला सांगितले नाहीस."

"कसं सांगू? तिच्या हातावर वाडलेलं पाखरू, साहेब. कळालं तर चूल सोडंल ती. चूल सोडली तर दिसभर करंल काय बाई?" त्याने औषधाच्या बाटलीचे झाकण लावले. "मनून पाखरांचं नाव करून चुलीपशी उभा ऱ्हातो. लोक येडा म्हंत्यात. म्हनू द्या."

मी पिंजऱ्याची कडी नीट लावली.

थोड्या वेळाने गयाबाई चहा घेऊन परसात आल्या. वादी-प्रतिवादी बाहेर असल्याने दूध तापवायला हरकत नाही, असा त्यांनी स्वतःच निकाल दिला होता. दूध लागलेले होते. कप हातात घेण्यापूर्वीच ते कळत होते.

"कसा झालाय, भाऊजी?" त्यांनी विचारले.

लिंबाजीने स्वतःचा कप संपवला आणि मागच्या वेळेप्रमाणे माझ्या कपाकडे हात पुढे केला.

मी कप दिला नाही. शेवटच्या घोटापर्यंत तो मीच प्यायलो.