सौम्या मॅडमचं रूपक

अवधूतची नोकरी पक्की व्हायची की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं. आणि बुधवारी नागपूरहून आलेली त्याची आई नीलाताई त्याच्या राजाजीनगरच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण संध्याकाळच्या ऑनलाइन मीटिंगला बसताना अवधूतने हेडफोन लावला नाही, आणि संबंध जुळला.

"वी आर नॉट अ टीम, वी आर अ फॅमिली," लॅपटॉपमधून त्याच्या मॅनेजर सौम्या मॅडम म्हणाल्या आणि जोरात खोकल्या.

मीटिंग संपताच नीलाताई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "आपल्याला घरचं म्हणून राहिली ती बाई, अन् आपण तिला साधं जेवायलाही विचारलं नाही?"

"आई, इंग्रजीत तशी बोलायची पद्धत असते. रूपक म्हणतात त्याला. ते खरं नसतं धरायचं."

"समजते मला. आपल्याकडेही 'घर तुमचंच आहे' म्हणतातच की. पण म्हटल्यावर निभवावं लागते ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या गेटवरून कानडी वॉचमनचा फोन आला. "सर, तुमच्या अम्मा आल्यात. स्वल्प... जरा लवकर या." अवधूत धावत खाली गेला, तोवर नीलाताई 'मॅडमच्या घरची आहे' असं सांगून वर पोचल्याही होत्या. तो मॅडमच्या केबिनमध्ये शिरला, तेव्हा टेबलावर पाटवड्यांचा डबा उघडला होता आणि शेजारी खोकल्यासाठी थर्मासमध्ये काढा होता.

मॅडमनी चवीने खाल्लं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्या सौजन्याने म्हणाल्या, "आँटी, कम एनी टाइम. मैं तो रात तक यहीं रहती हूँ."

"रात तक? घर में बच्चे?"

"एक बेटी है."

नीलाताईंची नागपुरी हिंदी सुटली. "बेटी वहाँ राह देख रही, और तू यहाँ खाँसती बैठी? ऊपर से शाम को मीटिंग रखती! घर के लोगों को ऐसा रखते क्या?" आणि त्यांनी मॅडमचा लॅपटॉप स्वतःच्या हाताने बंद केला.

अवधूतने घाईघाईने डबा उचलला आणि आईला बाहेर नेलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"काही उलट बोलली का ती? नाही ना?" आई म्हणाली. "मग ऐकलं असन."

शुक्रवारी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्या खोकत नव्हत्या.

"ते वाक्य मी नव्या लोकांना दरवर्षी ऐकवते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सगळे टाळ्या वाजवतात. खरं कुणीच धरत नाही. मीसुद्धा नाही." "काल उजेड असतानाच घरी गेले. मुलीने विचारलं, अम्मा, आज ऑफिसला सुट्टी होती का? अवधूत, मी आँटींची फार ऋणी आहे."

संध्याकाळची मीटिंग बंद झाली होती. अवधूतची नोकरी पक्की झाली होती. ज्या आईची काल आपल्याला लाज वाटली, तिचे पाय धरावेत असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"थँक यू, मॅडम. कधीही काहीही लागलं तर सांगा."

"हो, सांगणारच होते. काढा घेतला का विचारायला काल आँटींचा फोन आला होता. उद्या मी घर बदलतेय, जयनगरला. सामान हलवायला माणसं हवीत म्हटलं, तर त्यांनी तुझं नाव दिलं. म्हणाल्या, घर का ही लडका है."

अवधूत कसनुसं हसला. "मॅडम, हे पण रूपकच ना?"

"लोखंडी कपाट आहे," मॅडम म्हणाल्या. "तिसरा मजला. लिफ्ट नाही."