नदीवाले शिगवण

शिगवण नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, नदी विचारतात.

दोह्यात दोन मराठी माणसं भेटली की आधी कंपनी विचारायची, मग पगाराचा अंदाज घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी गाव, अशी रीत आहे. शिगवणांना यातलं काहीच नको असतं. माझी त्यांची पहिली भेट कुणाच्या तरी घरच्या गणपतीला झाली. हातातली मोदकाची बशीही खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "तुमची नदी कोणती?" मी म्हटलं, "मी पुण्याचा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट वाटलं ऐकून." तेव्हापासून ते मला पुणेकर म्हणतात. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं असा माझा समज आहे, पुरावा नाही.

आता हे गृहस्थ राहतात अशा देशात, जिथे नदी नाही. छोटी नाही, मोठी नाही, नावापुरतीसुद्धा नाही. इथे समुद्राचं पाणी घेतात, त्यातलं मीठ काढतात आणि नळाला सोडतात. अशा ठिकाणी राहून नद्यांचे नकाशे काढायचा छंद धरायला माणूस एक तर फार थोर असावा लागतो, नाही तर डोक्याने जरा सैल. आम्ही दोह्याच्या अल नस्र भागात एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो, त्यामुळे दुसरी शक्यता मी बरीच जवळून तपासली आहे.

पेशाने शिगवण पाइपलाइन तपासणारे इंजिनिअर. नोकरी दुखानच्या तेलक्षेत्रावर. दिवसभर सरळ पाइप बघून आलो की घरी काहीतरी वाकडं बघावंसं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. वहिनी मुलीकडे कॅनडात नातवाला सांभाळायला गेल्या त्या तिकडेच रमल्या, तेव्हा हॉलमधला भिंतभर टीव्ही शिगवणांनी उपग्रहाच्या छायाचित्रांना देऊन टाकला. इंटरनेटवर जगभरचे हौशी लोक मिळून एक फुकटचा नकाशा बनवतात म्हणे. त्यात नद्या काढायचं काम शिगवणांनी न मागता अंगावर घेतलं. त्यातच त्यांनी कुठेतरी वाचलं की परदेशात एक कायदा आहे. जी नदी अजून कुणी अडवली नाही, ती तशीच वाहू द्यायची, तिला धरण नको, भिंत नको. झालं. माणूस कामातून गेला.

"पुणेकर, मोकळ्या नदीला कायद्याचं संरक्षण! आपल्याकडे मोकळी जागा दिसली की पहिलं काय येतं, सांगा?"

"शुभेच्छुकांचा फलक," मी म्हटलं.

"आणि मागून?"

"सिमेंट."

"वळण, पुणेकर, वळण महत्त्वाचं! नदी सरळ केली की खलास. मग ती गटार."

हे 'वळण महत्त्वाचं' आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांनी इतकं ऐकलंय की माझी बायको गाडी चालवायला शिकत असताना शिकवणाऱ्याने 'टर्न' म्हटल्यावर तिला हसूच आवरेना.

एकदा थंडीत त्यांनी आम्हा चार कुटुंबांना नदी दाखवायला नेलं. दुखानच्या रस्त्याने बरंच पुढे जाऊन, मग खडीतून गाड्या खडखडवत आम्ही एका खळग्यापाशी उतरलो. खळग्यात दगड होते, काटेरी झुडपं होती आणि एक फुटका टायर होता. शिगवण खळग्यात उतरले आणि हजारो वर्षांपूर्वी पाणी कुठून आलं, कुठे वळलं, का वळलं, हे हातवारे करून सांगू लागले. आमच्या लेकीने भाबडेपणाने विचारलं, "अंकल, व्हेअर इज द वॉटर?"

"वॉटरचं काय घेऊन बसलीस? वळण बघ!"

पोरांनी वळण बघितलं आणि गाडीत जाऊन एसी लावला. थालीपिठं आम्ही मोठ्यांनी उन्हात, नदीकाठी बसून खाल्ली.

दुसरा प्रसंग पावसाचा. दोह्यात पाऊस आला की शाळांना सुट्टी आणि गल्लीला तळ्याचं रूप, हे ठरलेलं. त्या वर्षी आमच्या गल्लीतून पाणी खरोखरच वाहत होतं. शिगवण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात उतरले, प्रवाहाची दिशा पाहिली आणि वर येऊन त्यांनी आमची गल्ली त्या फुकटच्या नकाशात 'हंगामी प्रवाह' म्हणून नोंदवून टाकली. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. नोंद ओसरली नाही. पुढे कितीतरी दिवस जेवण पोहोचवणारी मोटरसायकलवरची पोरं मोबाइलवर आमच्या दाराशी नदी बघून पलीकडच्या चौकातून फोन करत होती, "सर, ब्रिज किधर है?" माझी बिर्याणी नदीपलीकडे निवत पडली होती. मी शिगवणांचं दार वाजवलं. ते म्हणाले, "चूक मान्य. पण वळण किती सुंदर आलं होतं, बघितलंत ना?"

हे सगळं विनोदी होतं तोवर ठीक होतं. मग जांभरीची बातमी आली.

जांभरी ही शिगवणांच्या गावची नदी. रत्नागिरी जिल्ह्यातली, आखूडशी; डोंगरातून निघते आणि चार वळणं घेऊन खाडीला मिळते. कागदोपत्री कुणीतरी तिला नाला केलं होतं आणि त्या नाल्याचं आता सुशोभीकरण व्हायचं होतं. सुशोभीकरण म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, मधलं पात्र सरळ, वर फरशीचा रस्ता, सेल्फी पॉइंट आणि तोंडातून पाणी सोडणारे फायबरचे डॉल्फिन. जांभरीत आजवर डॉल्फिन आला नव्हता, ती उणीव भरून निघणार होती. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलवर बोलायची सोय होती.

शिगवण खायचं विसरले. नदी म्हणून सिद्ध करायची तर तिच्या प्रत्येक खोल जागेचं, म्हणजे कोंडाचं, नाव नकाशावर हवं, असं त्यांनी ठरवलं. नाल्याला कुणी नावं ठेवत नाही, नदीच्या कोंडांना ठेवतात. आपल्या काठची नावं त्यांना पाठ होती. पलीकडच्या काठासाठी त्यांनी हमीदभाईला गाठलं. हमीदभाई पलीकडच्या गावचा, इथल्या एशियन टाउनला किराणा दुकान चालवतो. एका नदीचे दोन काठ, पण हे दोघं लहानपणी कधी भेटले नव्हते. ओळख झाली ती इथे, वाळवंटात, खोबऱ्याच्या भावावरून.

मग शुक्रवारची दुपार झाली की शिगवणांच्या हॉलमध्ये भांडणं सुरू.

"हा म्हशीचा कोंड," शिगवण म्हणायचे.

"अवो, म्हस आमची व्हती! आमच्या आज्याची, काद्र्याची. मग नाव आमचं लावा, काद्र्याचा कोंड."

"बुडाली कुठल्या बाजूला?"

"बुडाली कुठं? पोहून तुमच्या काठाला गेली, ती तुमी परत दिलीच नाय!"

आजोबांच्या काळातल्या त्या म्हशीवर दोन शुक्रवार गेले. मी चहा प्यायला जायचो आणि पंच व्हायचो. शेवटी दोन्ही नावं लागली.

सुनावणी माझ्या घरी झाली, कारण माझं इंटरनेट बरं. शिगवणांनी रजा टाकली, हमीदभाईने दुकान बंद ठेवलं. शिगवण कोट घालून आले होते. भाषण पाठ होतं. पूर, मासे, खाडीतलं खारं पाणी वर सरकणं, वळणांचं शास्त्र, सगळं. माझ्या टीव्हीवर एकीकडे नकाशा, दुसरीकडे कचेरीतल्या अधिकारी बाई. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं कतारला. नदी इथे. तुमचं नक्की काय जाणार आहे, ते सांगा ना."

शिगवणांचं भाषण तिथेच संपलं. मी मनात म्हटलं, गेली नदी.

मग त्यांनी माउस धरला आणि नकाशा मोठा करत नेला, इतका की पडद्यावर करड्या चौकोनांशिवाय काही उरलं नाही. त्यातल्या एकावर बाण आणून थांबवला.

"ही माझ्या आईची धोंड," ते म्हणाले. "आमच्याकडे प्रत्येक बाईची कपडे धुवायची आपली धोंड असते, मॅडम. लग्न होऊन आली की सासू दाखवते. दुसरी बाई तिच्यावर धूत नाही. आई गेली तेव्हा मी इथेच होतो. कंपनीची परवानगी, विमान, सगळं जमून पोचलो तोवर तिसरा दिवस झाला होता. तिचं तोंड बघितलं नाही मी. घरही आता पाडून नवीन बांधलंय. तिचा हात लागून गुळगुळीत झालेली ही तेवढी एक जागा राहिली आहे. तुमची भिंत हिच्यावरून जाते."

बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "मी स्वतः जाऊन बघते. ते होईपर्यंत काम सुरू होणार नाही. वचन मात्र देत नाही." आणि कॉल संपला.

खरं सांगतो, मला काहीतरी खोचक बोलून हवा हलकी करायची होती. पण मी उगाच रिमोटची बॅटरी काढून परत घातली. ज्या माणसावर मी इतकी वर्षं हसत होतो, तो रोज रात्री काय शोधत बसायचा ते मला तेव्हा कळलं.

हमीदभाई सोफ्यावर पुढे सरकला.

"शिगवण, माझ्या आयशीची पन दावा ना. कोंडांची नावं आज्यानं सांगितली, पन आयशीची धोंड मला ठाव नाय. मामाकडं ठेवला व्हता मला मुंबईला, शाळंसाठी."

शिगवणांनी बाण पलीकडच्या काठावर नेला. जराही शोधावं लागलं नाही त्यांना.

"ही. जुबेदाचाचीची. आमच्या आईच्या बरोबर समोर. सकाळी दोघी एकाच वेळी यायच्या आणि धुता धुता ओरडून गप्पा मारायच्या. मी आईची बादली धरून बसलेला असायचो."

"काय बोलायच्या?"

"तुझंच. माझा हमीद तिकडे नीट जेवत नाही, कसा राहत असेल, कोण वाढत असेल त्याला. रोज तेच. तुला बघितलं नव्हतं, तेव्हापासून मला ठाऊक आहे तू जेवत नाहीस ते."

शंभर किलोचा हमीदभाई माझ्या सोफ्यावर तोंड झाकून रडायला लागला. शिगवण त्याच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुणेकर, घरात काय असेल ते याला वाढा आधी."