'माझे दुःख' : वेळ तीन मिनिटे

एका जंगलात, बाळांनो, एक माध्यमिक शाळा होती. जंगल आधीचं, शाळा मागाहून आलेली. त्या शाळेत एक गाढव शिकवायला होतं. हसा, हसून घ्या. ते गाढव म्हणजे मीच. त्यामुळे एखाद्या मुलाला "गाढवा" म्हणून ओरडायची मला सोय नाही. आमच्या पेशात ही फार मोठी अडचण आहे.

तर एकदा सिंहमहाराजांच्या कचेरीतून फर्मान आलं, की मुलांची मनं निरोगी ठेवा आणि ठेवल्याचे फोटो पाठवा. आमच्या मुख्याध्यापिका हत्तीणबाई. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की सर, तुमच्याकडे तास कमी आहेत, तेव्हा मुलांची मनं तुम्हीच बघा.

आता मन कसं बघतात हे मला काय ठाऊक? पण शाळेत कुठलीही गोष्ट आली, की तिची स्पर्धा घ्यायची, एवढं मला पक्कं ठाऊक. स्वच्छता आली, स्पर्धा घेतली. झाडं लावायची आली, स्पर्धा घेतली. मी फळ्यावर विषय लिहिला, 'माझे दुःख'. वेळ तीन मिनिटं. सुरुवात सुभाषिताने. हातवाऱ्यांना वेगळे गुण.

नववीत साळिंदराची पोर होती, साळू. एरवी भारी बडबडी. पण सहामाहीनंतर गप्प गप्प झाली होती. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. तिचे काटे गळून बाकाखाली पडायचे आणि झाडलोट करणारे तरसकाका कुरकुरायचे. ते मला दिसत होतं हो, अगदीच आंधळा नाही मी. म्हणूनच मी तिचं नाव स्पर्धेत घातलं. म्हटलं, हिचं दुःख चांगलं आहे, पोर नंबर काढील.

स्पर्धेत आधी कोल्ह्याचा मुलगा बोलला. विषय, कैलासवासी आजोबा. भाषण आईने लिहून दिलेलं. 'आजोबा' म्हटलं की उजवा डोळा पुसायचा, असं ठरलेलं. आजोबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तरी मी ढसाढसा रडलो. पहिला नंबर त्यालाच दिला.

मग साळू आली. सुभाषित नाही, नमस्कार नाही. खाली बघत म्हणाली, "मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. का, ते मला कळत नाही."

आणि थांबली. मी खुणेने विचारलं, पुढचं विसरलीस का? तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी घंटा वाजवली आणि हातवाऱ्यांना भोपळा दिला.

नंतर ती माझ्याकडे आली. "सर, मी पाठ केलं नव्हतं. ते खरं होतं."

"तिथेच तर चुकलं तुझं," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नीट तयारी कर."

मायेनेच म्हटलं, तुमची शपथ.

दुसऱ्या दिवसापासून घोरपडीची पोर मधल्या सुट्टीत साळूजवळ जाऊन बसायला लागली. ही पोर अभ्यासात ढ. स्पर्धेत तर तिने नावच दिलं नव्हतं. ती साळूला काही विचारायची नाही, समजवायची नाही, नुसती चिकटून बसायची. काटे टोचत असणार, पण हलली नाही. हळूहळू साळू डब्यातला एखादा घास खाऊ लागली. आणि एके दिवशी मी व्हरांड्यातून बघतो, तर साळू बोलत होती. रडत होती, नाक पुसत होती, पुन्हा बोलत होती. घोरपड ऐकत होती.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! धावतच गेलो. म्हटलं, साळू, हेच, अगदी असंच बोल, आंतरशालेय स्पर्धेला तुझंच नाव देतो.

साळूने डबा बंद केला. दोघी उठल्या आणि लांबच्या झाडाखाली जाऊन बसल्या.

मी तिथेच उभा राहिलो. वाईट वाटलं, बाळांनो, फार वाईट वाटलं. पण हे सांगावं कुणाला? आमच्या शाळेत तशी काही सोय नाही.

तात्पर्य : दुःख पाठ करावं, सुभाषिताने सुरू करावं आणि वेळेत संपवावं, म्हणजे शाळेचं नाव होतं. ते खरंच असेल, तर मात्र मास्तरांच्या नजरेआड न्यावं.