पराक्रमाची पूर्वसूचना

नवघरच्या ‘सागरदर्शन’ सोसायटीतून सागर कुठूनच दिसत नाही. पण बुधवारी सकाळी मिठागराच्या बाजूने एक घोरपड आली आणि सोसायटीच्या हॉलमध्ये स्टेजखाली मुक्कामाला राहिली. सेक्रेटरी पंढरीनाथ कदमांनी आधी कॅलेंडर पाहिलं. रविवारी त्याच हॉलमध्ये त्यांच्या पहिल्या नातीचं बारसं होतं आणि दीडशे माणसं जेवायला यायची होती.

“हाकला की तिला,” त्यांच्या पत्नी कांताबाई म्हणाल्या. पण पंढरीनाथांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. कुठलंही काम असं एकदम करून टाकणं त्यांना असभ्यपणाचं वाटे.

धाकट्या मुलीला, संपदाला, बीएला हजारेक वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी महाकाव्य होतं. राजाच्या दालनात राक्षस शिरतो, मग वीर येतो, असं. पंढरीनाथांनी तिच्या नोट्स चाळल्या. ‘वीराने भरसभेत पराक्रमाची प्रतिज्ञा करावी. राजाने त्याचा सन्मान करावा. वीराचं नाव मागे उरावं.’ ते थक्क झाले. इतकी शिस्तशीर कार्यपद्धती त्यांनी मंत्रालयातही पाहिली नव्हती.

“पप्पा, पुढच्या पानावर तो लढतोसुद्धा,” संपदा म्हणाली. पण तोवर सर्क्युलर निघालं होतं : इच्छुक वीरांनी प्रतिज्ञा दोन प्रतींत सादर करावी.

शनिवारी पार्किंगमध्ये सभा भरली. जिमवाला स्वप्नील गरजला, “घोरपड काय, मगर असली तरी नुसत्या हातांनी काढेन! लाठी-बिठी नाय पायजे आपल्याला!” त्याला शाल-श्रीफळ मिळालं. गेटवर त्याचा फ्लेक्स सकाळीच लागला होता. मग गणेशने स्वप्नीलच्या मागे ठामपणे उभं राहण्याची प्रतिज्ञा केली. त्यालाही शाल. मागे उभे राहणारे एकूण अकरा निघाले.

“वो सब ठीक है, अंदर कौन जाएगा?” तळमजल्याच्या हंसाबेननी विचारलं.

“हा विषय अजेंड्यावर नाही,” पंढरीनाथ म्हणाले.

तेवढ्यात टाळ्यांनी वैतागलेली घोरपड स्वतःच सभेला आली. सभा खुर्च्यांवर चढली. स्वप्नील शालीसकट टेबलावर होता. कांताबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. “हाड! बघतेस काय? चल, घरी चल!” असं म्हणत त्यांनी तिला पार मिठागरापर्यंत पोचवलं. परत येऊन म्हणाल्या, “आमच्या गावाला परसात फिरतात ह्या.”

पंढरीनाथांना भरून आलं. बायकोचा एवढा अभिमान त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला. त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“काका,” टेबलावरून स्वप्नील म्हणाला, “काकूंची प्रतिज्ञा कुठाय?”

फाइलमध्ये नव्हती. एकही प्रत नव्हती. पंढरीनाथांनी घाम पुसला आणि लिहिलं : ‘श्री. स्वप्नील यांच्या प्रतिज्ञेच्या धाकाने घोरपडीने हॉल रिकामा केला.’

कांताबाईंनी खांद्यावरून वाचलं. “अक्षर तुमचंच ना?” एवढंच विचारून त्या हॉल पुसायला गेल्या.

इतिवृत्त खुर्च्यांवरूनच टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालं. टाळ्या कोणी वाजवल्या म्हणून काय विचारता? आधी तुम्हीही खुर्चीवरून खाली उतरा.